पल्याडचं लाल लुगडं

मी बंडी बोलतेय. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात.

दिग्रसच्या रहमत सुतारानं मला बांधलं. अंग सागाचं, चाकं बाभळीची. माझा मालक नागोराव, त्याच्या बापानं मला घरी आणलं, तेव्हा अर्धं गाव बघायला आलं होतं. मी कापूस वाहिला, नवऱ्या वाहिल्या, एकदा लंगडा बैलसुद्धा वाहिला. कुठं अडले नाही.

पुढं धरण झालं आणि गावाच्या खाली पाणी पसरलं. पल्याडचं गाव डोळ्यांना दिसायचं, पण जायचं तर सगळ्या पाण्याला वळसा. नागोरावची लेक ममता त्याच गावात दिलेली. तिची आई सत्यशीला गावची बाळंतपणं करायची. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाचा निरोप आला, तेव्हा मीच सत्यशीलाला घेऊन धावले. पोचलो तेव्हा बाळ गेलं होतं. दोष माझा नव्हता. मी पळाले. रस्ता लांब होता.

ममताला पुन्हा दिवस गेले. माहेरी आणावं, तर तिची सासू अंथरुणाला खिळलेली. घर सोडता येईना. मग जावई रवीनं सांगून पाठवलं, की कळा सुरू झाल्या की काठावरच्या बाभळीवर लाल लुगडं बांधतो. दिसलं की निघा.

"निघा म्हन्ते," नागोराव म्हणाला. "कायच्यावर? म्हशीवर?"

"डोंगा बांधा," सत्यशीला म्हणाली.

डोंगा म्हणजे लहान नाव. आमच्या गावात ती कोणाकडेच नव्हती. आम्ही शेतीची माणसं.

त्या सालांत कापसाला भाव नव्हता. कापूस घरातच रचलेला. माणसं त्यावरच झोपायची आणि अंग खाजवत उठायची. मला काम नव्हतं. उभं राहणं मला मानवत नाही. मी अंगणात जू टेकून उभी, आणि सत्यशीला हातातलं काम टाकून सारखी पाण्याकडं जाऊन यायची. दोघींनाही चैन नव्हतं.

पौषातल्या एका सकाळी नागोरावनं बैल जुंपले. दव इतकं, की माझं अंग ओलं झालं होतं.

"लाकूड पाहाले रहमतभाईले संगं घ्या," चढता चढता सत्यशीला म्हणाली.

"काहून? मले लाकूड समजत नाही काय?"

"तुमाले कापूस समजते."

"मंग? दोन्ही झाडालेच लागते."

ती हसली नाही. रस्ता काठाकाठानं होता. ती मागं तोंड करून बसली आणि बाभूळ दिसेनाशी होईपर्यंत तिकडंच पाहत राहिली.

दिग्रसला खिळे घेतले, डांबराचा डबा घेतला. मग लाकडाचा अड्डा. नागोरावनं वरच्या फळ्या बोटांनी वाजवल्या, कापसासारख्या दाबून पाहिल्या, हुंगल्या. "वाळेल हाये," त्यानं निकाल दिला. वरच्या फळ्यांना ऊन लागलेलं होतं. खालची एकही त्यानं उचलून पाहिली नाही. माल माझ्या अंगावर पडला तेव्हाच मला कळलं. वाळलेली फळी एवढी जड नसते. पण बंडीला कोण विचारतो?

मग माल घेऊन आम्ही रहमतच्या दारी गेलो; तो आता म्हातारा झाला होता. "जयभीम, भाऊ," म्हणत तो बाहेर आला, मधली एक फळी ओढली आणि गालाला लावली.

"ओलं हाये, नागोरावभाऊ."

नागोरावचा चेहरा पडला. जन्मभर जिनिंगच्या दारात व्यापाऱ्यांनी त्याचा कापूस मुठीत दाबून हेच ऐकवलं होतं.

"आता तूबी तेच म्हन," तो म्हणाला.

"मी नाही म्हनलं म्हनून लाकूड वाळते काय? याचा डोंगा बांधला तं फळ्या आखडतीन, पानी आत येईन. होळीलोक वाळू दे, दोन महिने."

"होळीलोक?" सत्यशीला खाली उतरली. "माह्या पोरीचे दिवस याच महिन्यात भरतेत, भाऊ."

रहमतनं माझ्या अंगावर हात ठेवला. "हे सागाचं लाकूड म्याच लावलं होतं. वाळून वाळून लोखंड झालं."

"तिले हात लावू नको. बावाची बंडी हाये ते."

"मामाजी असते तं त्यायनं आतालोक खोलली असती," सत्यशीला म्हणाली. "तुमी कायले ठेवता? कापूस न्याले? कोन्या भावानं?"

नागोरावनं बैल सोडले आणि रहमतच्या हातातून हातोडा घेतला.

"पैली फळी मी काढतो."

मी भ्याले. लपवत नाही.

चाकं रहमतकडेच राहिली. माझ्या फळ्या दुसऱ्याच्या बंडीत घालून गावी नेल्या. तो अपमान मी गिळला. रहमतही अवजारं घेऊन आला. त्यानं जन्मात नाव बांधली नव्हती; येत होतं तेच केलं. बंडीसारखीच पेटी केली, फक्त तोंड निमुळतं केलं. फटींत घरातला कापूस ठासला, वरून डांबर ओतलं. त्या कापसाला त्या साली एवढाच मान मिळाला.

डांबर अजून बोटाला चिकटत होतं, आणि सकाळीच काठावरून सत्यशीलाची हाक आली.

"अवो, लुगडं!"

रहमत आडवा आला. "डांबर ओलं हाये, भाऊ."

"राहू दे ओलं," नागोराव म्हणाला, आणि त्यानं मला पाण्यात ढकललं.

तो बांबू घेऊन पुढं उभा राहिला आणि सवयीनं बैलांना करतात तशी जीभ वाजवली. "चल बाई, चल!" एका कोपऱ्यातून पाणी येत होतं. सत्यशीला गंजानं, म्हणजे पातेल्यानं, ते उपसत होती आणि नजर बाभळीवर. पायाखाली रस्ता नाही, पुढं बैल नाहीत. तरी मी गेले. सरळ गेले. वळसा नव्हता.

पल्याडचा काठ आला तशी सत्यशीला गुडघाभर पाण्यातच उतरून धावली. नागोराव काठावर माझ्याजवळ बसून राहिला. ऊन वर आल्यावर घराकडून तान्ह्या पोराचं रडणं आलं. त्यानं माझ्या अंगावर तळहात टेकला. उचलला तेव्हा तो काळाकुट्ट झाला होता. त्यानं तो धुतला नाही.

ती पोर मैत्रेयी. आता ती माझ्यातच बसून अल्याडच्या शाळेत येते.

मला उन्हात उपडी टाकून विसरू नका. पावसाळ्याआधी डांबर लावा. उभं राहणं मला अजून मानवत नाही. लाट आली की मी दोर ओढते. आणि पल्याडच्या बाभळीवर कधी लाल काही दिसलं, तर बैल शोधत बसू नका. मला ढकला.