पोटाखालून गेलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुना रस्ता आहे. निदान माझ्या तळाशी एक जुना रस्ता आहे, एवढं तरी मी खात्रीने म्हणू शकतो. वर दिसतो तो नवा. चार पदरी, काळाभोर, मधोमध कमरेएवढी सिमेंटची भिंत. येणारे-जाणारे माझं कौतुक करतात, तेव्हा मला कुठे बघावं ते कळत नाही.

गोव्याची हद्द संपली की मी कर्नाटकात शिरतो. कारवार, कुमठा, होन्नावर, भटकळ, कुंदापूर, उडुपी करत मंगळूर गाठतो आणि तलपाडीला केरळच्या हवाली होतो. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला समुद्र. मरवंतेला तर एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला नदी, मध्ये अंग चोरून मी.

लहानपणी मी सलग नव्हतो. नद्या मला तोडत. बस काठापर्यंत यायची, माणसं बोचकी घेऊन होडीत बसायची, पलीकडे दुसरी बस उभी असायची. मग पूल झाले, खडीवर डांबर आलं. सतरा हा क्रमांक मिळाला, पुढे तो बदलून सहासष्ट झाला. त्या काळी माझ्या तापलेल्या पाठीवर बायका भात आणि मासळी वाळवायच्या. मासळी गुंडाळलेले वर्तमानपत्रांचे तुकडे उडून माझ्यावर पडत. ते मी वाचत असे. फाटक्या कागदावरच्या अर्ध्यामुर्ध्या बातम्या वाचून जेवढं शहाणपण येतं, तेवढंच माझ्यापाशी आहे. सांगण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या.

सांगायचं आहे ते कडलबेट्टु गावाचं. उडुपीच्या दक्षिणेला, नारळांच्या गर्दीत ते माझ्या दोन्ही बाजूंना पसरलेलं आहे. पूर्वेला शेट्टींचं थोरलं घर, पश्चिमेला समुद्राजवळ जुमादी दैवाचं स्थान. इथे दैव म्हणजे नशीब नव्हे, गावाची राखण करणारा. त्याचा मुखवटा, तलवार आणि घंटा वर्षभर त्या घरात एका पेटीत असतात. कोल्याच्या दिवशी, म्हणजे दैव अंगात घेऊन नाचतात त्या दिवशी, ती पेटी डोक्यावर घेऊन ढोल वाजवत स्थानापर्यंत न्यायची. पेटी जमिनीला टेकवायची नाही, वाहनात घालायची नाही, आणि वाट बदलायची नाही. ती पायवाट मला आडवी छेदून जाई. मी कितीही घाईत असलो तरी त्या संध्याकाळी ट्रकवाले आपणहून थांबत आणि खिडकीतून हात जोडत. वर्षातून एकदा मला कुणीतरी ओलांडतं, याचा मला अभिमान होता.

मग मला रुंद करायचं ठरलं. मोजणीचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. शहाळं प्यायला, टोपी काढून घाम पुसला आणि त्या पायवाटेकडे बोट करून त्याने विचारलं, “ही वाट कुणाची?”

सगळे जमिनीकडे बघू लागले.

“कुणाची म्हणजे?” मासळी विकणारी गुलाबक्का म्हणाली. “कुणाची नाही हो.”

“तुमची?” साहेबाने थोरल्या घरच्या देजप्पा शेट्टींना विचारलं.

देजप्पांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. “छे छे! आमची कशी म्हणू? असं बोलू नये.”

मित्रांनो, ही चूक फक्त हीच माणसं करू शकतात. दैवाच्या वाटेला ‘माझी’ म्हणणं हे त्यांच्या लेखी पाप. आणि चपला घालून, अंघोळीवाचून, मोजपट्टीसमोर दैवाचं नाव घेणं त्याहून मोठं पाप. साहेबाने मान हलवली. कुणाचीच नसलेली वाट त्याच्या नकाशात आली नाही. मला सगळं ठाऊक होतं, पण रस्त्याला जीभ नसते. भिंत उभी राहिली तेव्हा तिच्यात तिथे फट ठेवलेली नव्हती.

पुढच्या कोल्याच्या संध्याकाळी मिरवणूक निघाली आणि माझ्या कडेला येऊन थबकली. पेटी बाबण्ण पूजारींच्या डोक्यावर होती. तरुणपणापासून तेच ती नेत. आता गुडघे कुरकुरत होते, पण मान ताठ. पेटी अंधारापूर्वी पोचली नाही तर कोला होणार नव्हता, आणि एकदा तुटलेला कोला पुन्हा सुरू झाल्याचं त्या भागात कुणी ऐकलेलं नव्हतं.

“गाडीत घालू या,” मुंबईच्या हॉटेलातून सुट्टीवर आलेला देजप्पांचा पुतण्या प्रवीण म्हणाला. “पुढून वळसा मारला की दोन मिनिटांत पोचतो.”

“तुझ्या आजीला डिकीत कोंबून नेशील का रे?” गुलाबक्का कडाडली. “मोठा आला गाडीवाला!”

“मग अक्का, भिंतीवरून उडी मारायला सांग बाबण्णांना.”

“मारली असती,” बाबण्ण पेटीखालून म्हणाले, “पण लग्नाआधी विचारायला हवं होतंस.”

लोक हसले. हसणं फार टिकलं नाही. पेटी भिंतीवरून हातोहात पलीकडे द्यावी म्हणून प्रवीण आणि आणखी दोघे लाल फडकं घेऊन गाड्या अडवायला माझ्यावर उतरले. एक बस भरधाव आली. तिने ब्रेक दाबला, तिची चाकं माझ्यावर किंचाळत घसरली आणि प्रवीणच्या पायाच्या अंगठ्यापासून हातभर अंतरावर ती थांबली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, “मरायचंय तर समुद्र आहे की पलीकडे, महाराजा!” आणि निघून गेला. पूर्वी याच जागी ड्रायव्हर हात जोडत. त्याचा तरी काय दोष? थांबायला मीच त्याला जागा ठेवली नव्हती.

“मागे या,” देजप्पा म्हणाले. “दैवाच्या वाटेवर रक्त नको.”

सूर्य नारळांखाली गेला होता. बाबण्णांची नजर माझ्या कडेच्या उतारावर गेली. तिथे माझ्या पोटाखालून पाणी जायला मोरी आहे, त्या पायवाटेच्या अगदी खाली.

“वाट तीच आहे,” ते म्हणाले. “जरा खालून.”

“त्या गटारातून?” देजप्पांचा आवाज फुटला. “दैव गटारातून जाणार?”

“वाहनात नाही, वाट बदलून नाही. वाकून जाऊ नये असं कुणी सांगितलंय, धनी?”

मोरीत डोक्यावर पेटी मावत नव्हती. बाबण्णांनी ती छातीशी धरली, झोपलेलं लेकरू धरावं तशी, आणि कमरेत मोडून आत शिरले. ढोलही मावेनात. ढोलवाल्यांनी काठ्या कमरेला खोचल्या. दैव पहिल्यांदाच वाद्यांवाचून निघालं. खाली हॉटेलांचं खरकटं पाणी होतं, बाटल्या होत्या, कुजलेली पानं होती. वरून माझे ट्रक धडधडत होते. त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. आणि त्या सगळ्या गोंगाटात, बाबण्णांच्या प्रत्येक वाकलेल्या पावलासरशी, पेटीतली घंटा एकदा किणकिणायची. थांबायची. पुन्हा किणकिणायची.

आजवर माझ्या पाठीवरून काय काय गेलं असेल. पण पोटाखालून ती घंटा गेली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्यापुढे गाव वाकतं, त्याला मी वाकवलं होतं.

पेटी पोचली. कोला झाला. पहाटे, दरवर्षी दैव अंगात घेऊन नाचणाऱ्या चनियाच्या तोंडून दैव बोलू लागलं. स्थान माझ्यापासून लांब नाही, मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“माझ्या अंगाला हा चिखल कुठला?”

देजप्पा रडत उभे राहिले. “वाट कुणाची म्हणून विचारलं, तेव्हा आम्ही ‘कुणाची नाही’ म्हणालो. आमची म्हणायला जीभ वळली नाही.”

“तुमची नाही म्हणालात, खरंच बोललात. माझीही नव्हती. चालणाऱ्यांची होती. मला तर वर्षातून एकदा लागते. या गुलाबीला रोज लागते, टोपली घेऊन. तिचं नाव तरी सांगायचंत!”

गुलाबक्काने पदर तोंडाला लावला. ती रोज ती भिंत चढून उतरत होती, याचा विचार कुणीच केला नव्हता. मीसुद्धा नाही.

मागून प्रवीण ओरडला, “त्या रस्त्याला शाप द्या!”

मी वाट बघत राहिलो. खरं सांगतो, शाप मिळाला असता तर मला हलकं वाटलं असतं.

चनियाच्या पायातले चाळ थांबले. “त्याला कसला शाप? तो पाठ देऊन पडलाय, सगळ्यांना नेतोय. माझी घंटा त्याने ऐकली. तेवढं पुरे.”

तेवढं पुरलं, मित्रांनो. भिंतीत अजून फट झालेली नाही. गावाने अर्ज केला आहे. या वेळी त्यात पहिलं नाव गुलाबक्काचं आहे, दैवाचं त्याच्या खाली. बाबण्णांची पाठ त्या संध्याकाळनंतर पुरती सरळ झाली नाही. ते माझ्या कडेला बसून गाड्या बघतात. माझ्याकडे रागाने बघत नाहीत, हेच मला सोसत नाही.

तुमच्यातलं कुणी मोठेपणी मोजपट्टी घेऊन एखाद्या गावात उभं राहील. तेव्हा ही वाट कुणाची, असं विचारू नका. भली माणसं तुम्हाला ‘कुणाचीच नाही’ म्हणून सांगतील. इथून कोण जातं, एवढंच विचारा, आणि संध्याकाळपर्यंत तिथे थांबा. आणि माझ्यावरून भरधाव जाताना कडलबेट्टुच्या मोरीपाशी जरा हळू व्हा. खालून कुणीतरी वाकून जात असेल.