कापसाला विचारा

गादीवालीच्या नाकाला जिभेइतकीच धार होती. दुकानात कुणी जुनी गादी आणली की ती उसवायची, मूठभर कापूस नाकाशी धरायची आणि सांगून मोकळी व्हायची: या घरात मांजर आहे, या घरात कुणी अंथरुणाला खिळलंय, या घरात सिगारेट ओढतात. माणसं खोटं बोलतात, कापूस बोलत नाही, म्हणायची.

दुकानाच्या दारावर फुली मारलेल्या लाल काडीची पाटी होती. कापसाजवळ काडी पेटवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा ती उद्धार करायची. घरी मात्र जेवण झालं की खिडकीत बसून एक सिगारेट. शेजारी पाळण्यात चार महिन्यांची नात.

त्या दुपारी खोलीभर ऊन दुधासारखं सांडलं होतं. धूर खिडकीकडे निघायचा, चौकटीशी थबकायचा आणि विसरलेलं काही न्यायला आल्यासारखा मागे वळायचा. पाळण्यावरून सावकाश हात फिरवायचा. नातीच्या छातीत झोपेतही बारीक शिट्टी वाजत होती. त्या शिट्टीपायी महिन्यात दोनदा डॉक्टरकडे जाणं झालं होतं.

"आई, घरात नका ना ओढू," सून म्हणाली.

"खिडकीत तर बसलेय. धूर काय मला विचारून आत येतो?"

"न विचारताच येतो. हिला सोसत नाही, डॉक्टर म्हणाले."

"डॉक्टर कालचं पोर. माझा मुलगा याच धुरात वाढला."

"आणि जिना चढताना तीनदा थांबतो. बरं, डॉक्टर राहू द्या. कापसाला विचारा."

सुनेने नातीला खांद्यावर घेतलं आणि पाळण्यातली चिमुकली गादी सासूच्या मांडीवर ठेवली. बारशाआधी नवाकोरा कापूस घालून सासूनेच भरलेली. गादीवालीने सिगारेट विझवली, टाके उसवले. तंतू उन्हात तरंगू लागले. धूर कुठला नि कापूस कुठला, कळेना. तिने मूठ नाकाशी धरली. बराच वेळ ती मूठ तिथेच राहिली.

"काय म्हणतो?"

"माझीच चहाडी करतोय मेला," गादीवाली म्हणाली. मग हळूच, "कापसात इतका मुरलाय, तर हिच्यात किती गं?"



ऊन उतरता उतरता गादीवाली दुकानातून परतली. काखेत नवा कापूस, हातात पाटी. हातपाय धुऊन, कपडे बदलून तिने गादी भरली आणि पाटी घराच्या दाराला ठोकली.

"मग दुकानात?"

"तिथे माझी जीभ पुरते."

"आणि तुमची सिगारेट?"

"दुकानात नाही, घरात नाही. उरला मधला रस्ता. तिथे उभं राहायला गुडघे कुणाचे आणू?"

"आई, पाटी उलटी लागलीय."

"काडी दिसते ना? वाचणाऱ्याने मान वाकडी करावी."

नात नव्या गादीवर झोपली. शिट्टी अजून होती. गादीवाली पाळण्याची दोरी धरून, कान देऊन बसून राहिली.