अठ्ठ्याण्णव मार्क

मला गाता येत नाही हे माझ्या शाळेतल्या पहिलीच्या पोरांनाही माहीत होतं. प्रार्थनेला मी सूर धरला की कार्टी तोंडावर हात ठेवून हसायची. तरी दोन हजार आठ साली मी गाण्याच्या नादी लागलो, ते ममतामुळे.

आम्ही दोघंही खोडाळ्याचे. ती मोखाड्याला पंचायत समितीत कॉम्प्युटरवर बसायची, मी वाटेतल्या पाड्यावरच्या शाळेत मास्तर. दोन वर्षं एकाच जीपनं जात होतो. नागलीच्या पिकापासून लोडशेडिंगपर्यंत सगळं बोलून झालं होतं. एक गोष्ट सोडून.

मोखाड्याच्या स्टँडमागे गोकुळचं सीडीचं दुकान होतं. त्याच्या मेहुण्यानं ठाण्याहून टीव्हीला जोडायचा गाण्याचा गेम आणून दिला, दोन माईकवाला. पडद्यावर खाली शब्द यायचे, वर सुरांच्या पट्ट्या. आपला आवाज रेघ होऊन उमटायचा, रेघ पट्टीवर बसली की मार्क वाढायचे. शनिवारी आम्ही दोघं तिथे जायला लागलो, आणि ममतानं एक हिंदी युगलगीत निवडलं. त्याच्या शेवटच्या कडव्यात पुरुष बाईला सरळ विचारतो, जन्मभर माझ्यासोबत राहशील का. त्या ओळीला मी अडखळायचो आणि रेघ पार तळाला जायची. साठच्या वर काही मी जाईना.

मग पेटलोच. शाळा सुटली की रिकाम्या वर्गात रियाज. माईक तोंडापासून वीतभर लांब धरायचा, ओरडायचं नाही, ओळ यायच्या आधी श्वास भरून घ्यायचा. पंचाहत्तरपर्यंत पोचलो. पण ती ओळ काही जमेना. शेवटी गोकुळनंच गुपित फोडलं. म्हणाला, तुळशी मास्तर, मशीनला शब्द कुठे कळतात, त्याला फक्त सूर लागतो, तोंड मिटून गुणगुणा. गुणगुणलो, तर नव्वद! मला केवढा आनंद झाला. खरं सांगतो, तो मार्कांचा नव्हता. ते वाक्य म्हणायचं टळलं याचा होता. भित्रा माणूस, दुसरं काय.

गुरुवारी जीपमध्ये ममतानं सांगितलं, रविवारी विक्रमगडहून पाहुणे बघायला येऊ म्हणतायत, मुलगा तलाठी आहे. मग बाहेर बघतच म्हणाली, "शनिवारी आपण ते गाणं म्हणू. शेवटपर्यंत, शब्दांसकट."

ती काय मागतेय ते मला कळलं होतं. एवढाही बावळट नाही मी. दोन दिवस मनाशी घोकत होतो, मार्क गेले खड्ड्यात, शब्द म्हणायचे. पोरांकडून पाढे घेताना माझ्या तोंडात तीच ओळ.

शनिवारी सकाळची शाळा करून मी गेलो. दुकानात चार-पाच पोरं टेकून उभी होती. ममता आधीच माईक घेऊन बसलेली. गाणं सुरू झालं, छान चाललं होतं. शेवटचं कडवं आलं तसं तिनं पडद्यावरची नजर काढून माझ्याकडे वळवली. मी श्वास भरून घेतला, आणि तोंड मिटून गुणगुणलो. रेघ पट्टीवर अशी बसली की इकडची तिकडे नाही.

अठ्ठ्याण्णव. गोकुळनं टाळ्या वाजवल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्या दुकानात तेवढे मार्क कुणालाच पडले नव्हते. ममतानं माईक टेबलावर ठेवला आणि पर्स उचलली.

जीप भरायला वेळ होता. आम्ही बाजूला उभे राहिलो. जवळ कुणी नव्हतं, माईक नव्हता, मार्क नव्हते. मला अजूनही बोलता आलं असतं. ती चपलेनं माती उकरत होती. मग शांतपणे म्हणाली, "बाबांना सांगितलं होतं, शनिवारपर्यंत थांबा, पाहुण्यांना होकार कळवू नका. आता घरी गेल्यावर सांगते, येऊ देत म्हणून. सांगू ना, तुळशी?"

ती वाट बघत होती. ड्रायव्हरनं हाक मारली.

मी म्हणालो, "सांग."