फटीतला वारा

मी एक तांब्याचा वायसर बोलतोय. शर्टाच्या बटणाएवढा, मधोमध भोक असलेला. आमच्यासारख्यांची आठवण कोणाला येत नाही आणि आली, तर काहीतरी बिघडलंय असं समजावं. माझ्या हातून जे घडलं, ते मी आज सांगूनच टाकतो.

डिझेलच्या इंजिनात इंधनाचा फवारा मारणारा इंजेक्टर असतो. त्याच्या बुडाशी माझी जागा. आत इंधन जळून होणारा धूर वर येऊ द्यायचा नाही, एवढंच माझं काम. सर्बियातल्या एका डोंगरी गावात, रादोयको म्हाताऱ्याच्या गाडीत, नऊ वर्षं मी ते चोख केलं.

रादोयको कारखान्यात फिटर होता. तिथल्या खडखडाटाने त्याचे कान मंद झाले आणि सिगारेटींनी नाक गेलं. पण आपल्या गाडीला दुसऱ्याने हात लावलेला त्याला खपत नसे. "मेकॅनिक? तो रांगत होता तेव्हापासून माझ्या हातात पाना आहे," म्हणायचा. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर त्याने चारही इंजेक्टर काढून साफ केले. नवे वायसर आणायला शहरात कोण जाणार? त्याने आम्हाला चिमट्यात धरून चुलीवर लालबुंद केलं आणि पाण्यात टाकलं. "तांबं मऊ झालं. झाले हे नव्यासारखे!"

तांबं मऊ होतं, हे खरंच आहे. पण मी बसतो त्या खाचेतली काजळी खरवडायची तो विसरला. मोहरीहून लहान एक कण तिथे राहिला आणि मी त्याच्यावर तिरका बसलो.

पहिल्याच दिवशी माझ्या अंगाखालून धूर निसटला. फुस्. मग प्रत्येक फेऱ्याला फुस्, फुस्. गाडीच्या हीटरसाठी बाहेरची हवा आत ओढणारी जाळी समोरच्या काचेच्या पायथ्याशी, माझ्यापासून हातभर अंतरावर. गाडी धावत असली की धूर वाऱ्यावर उडून जायचा. उभी राहिली की सरळ आत शिरायचा. त्याच वाटेने आतल्या माणसांचे आवाज माझ्यापर्यंत यायचे, त्यामुळे मला सगळं ऐकावं लागलं.

आत बसायची यागोदा, रादोयकोची सून. सातवा महिना. नवरा लाझार ऑस्ट्रियात बांधकामावर. दर गुरुवारी सासू-सासरे तिला चाळीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात तपासायला न्यायचे. दर गुरुवारी तिचं डोकं दुखायचं, पोटात ढवळायचं.

"वारा लागला," सासू स्तामेंका म्हणायची.

आमच्याकडे माणसं लांडग्याला भीत नाहीत एवढी फटीतून आरपार येणाऱ्या वाऱ्याला भितात. प्रोमाया म्हणतात त्याला. मान आखडली, प्रोमाया. दात दुखला, प्रोमाया. स्तामेंका तर ओला तळवा भिंतीवरून फिरवून घरातली केसाएवढी फट शोधायची आणि तिथे चिंधी कोंबायची.

"आई, गाडीत धुराचा वास येतो," यागोदा एकदा म्हणाली.

"अशा दिवसांत वास येतातच, पोरी. लाझारच्या वेळी मला दुधाला मेंढीचा वास यायचा, आणि दूध गाईचं!"

"थोडी काच खाली करू?"

"खबरदार!"

घरी गेल्यावर स्तामेंकाने तिच्या कपाळावर बटाट्याच्या चकत्या बांधल्या आणि गाडीच्या खिडक्यांच्या फटींत लोकर भरली. रादोयकोने धूर मागून येत असेल म्हणून डिकीच्या दाराला चिकटपट्टी मारली. दोघांचीही माया खरी होती आणि दोघं मिळून त्या पोरीला बरणीत कोंडत होते. मी ओरडू शकत नव्हतो. मला फुसफुसण्यापलीकडे काही येतच नाही.

मग जानेवारीतला तो गुरुवार आला. घाटात दरड कोसळली होती. लाल झेंडीवाल्याने गाड्या थांबवल्या. बाहेर बर्फ, म्हणून रादोयकोने इंजिन चालूच ठेवलं. दहा मिनिटं झाली. वीस झाली. माझ्याखालचा धूर एकसारखा आत जात होता आणि मी जीव खाऊन त्या कणावर सपाट व्हायला बघत होतो. जमलं नाही.

"आई, मला मळमळतंय..."

"आता सोडतीलच गं. शाल घट्ट ओढ."

मग यागोदाचा आवाज येईना.

"यागोदा? अगं यागोदा! रादोयको, पोर डोळे उघडत नाहीये!"

दोघांनी तिला ओढून बाहेर काढलं, रादोयकोचा कोट बर्फावर टाकून त्यावर बसवलं. डोक्यावरचा रुमाल घसरला होता. दरीतून बोचरा वारा येत होता. स्तामेंका रडत रडत तिचं डोकं झाकायला गेली, तेव्हा यागोदाने डोळे उघडले.

"राहू द्या, आई. इथे बरं वाटतंय."

"उघड्या डोक्याने? एवढ्या वाऱ्यात?"

"बाहेर बरं वाटतं. आत नाही."

स्तामेंकाने वळून गाडीकडे पाहिलं. मग उठली. "रादोयको, बॉनेट उघड. इंजिन चालू राहू दे."

"इंजिनाला काही झालेलं नाही! मी स्वतः..."

"मी इंजिनाचं विचारलंय का? आत वारा कुठून येतो ते मी बघते. उघड म्हणते ना!"

तिने हातमोजा काढला, बर्फाने तळवा ओला केला आणि इंजिनावर धरला. पहिला इंजेक्टर. दुसरा. मला सापडायचं होतं. तिचा हात माझ्यावर आला आणि मी होता नव्हता तेवढा जोर लावून फुसकारलो.

"हा बघ. इथे."

तिच्या तळव्यावर काळे ठिपके उठले होते. रादोयको वाकला. इंजेक्टरभोवती डांबरासारखी काळी साय जमली होती.

"तिसरा," तो म्हणाला. "मीच बसवला हा."

एरवी नवऱ्याला टोमणा मारायची एक संधी न सोडणारी स्तामेंका सरळ गाडीकडे वळली. तिने खिडक्यांतली लोकर उपसून रस्त्यावर फेकली. "हीटरचा पंखा बंद कर. आणि सगळ्या काचा खाली."

रस्ता मोकळा होताच उरलेला घाट ते तसेच उतरले, तोंडावर बर्फ घेत.

दवाखान्याच्या आवारात इंजिन बंद झालं. मी हळूहळू गार होत गेलो. पोटातल्या जिवाचं काय झालं असेल, या विचाराने मला तो तास सरता सरेना. अखेर पावलं वाजली. रादोयकोने बॉनेट उघडलं आणि माझ्या इंजेक्टरवर हात ठेवला. आजूबाजूला कोणी नव्हतं, तरी तो बोलला.

"ठोके नीट आहेत. बाळाचे ठोके अगदी नीट आहेत." मग नाक पुसून त्याने गावच्या मेकॅनिकला फोन लावला. "चार नवे वायसर आण. आणि बसव तूच."

मला काढलं तेव्हा मी एका कडेने काळा पडलो होतो. टाकून द्यायचं सोडून स्तामेंकाने मला लाल दोऱ्यात ओवलं आणि घराच्या खिडकीच्या कडीला बांधलं. आता मी इथेच असतो. माझ्यासारख्या जुन्याला पुन्हा कामाला लावू नका, आणि लावलंतच तर खाच आधी साफ करा. गाडीत कोणाचं डोकं दुखलं तर आधी काच खाली करा, वाद मागाहून घाला. एवढंच माझं मागणं.

मार्चमध्ये मुलगी झाली. काल आयाबाया बाळ बघायला आल्या. खोली गच्च बंद, शेगडी पेटलेली. कॉफी पिता पिता स्तामेंका उठली आणि तिने खिडकी दोन बोटं उघडली. मी हललो.

"अगं स्तामेंका! पोरीला वारा लागेल!"

"लागू दे थोडा," ती म्हणाली. मग आपली खुर्ची उचलून तिने खिडकी आणि पाळण्याच्या मधे आणून ठेवली आणि वाऱ्याकडे पाठ करून बसली.