डावीकडचा वायू

नवराबायको एकाच खोलीत पाठीला पाठ लावून काम करत. काम एकच: फार दूरच्या एका दीर्घिकेचं संगणकावर मॉडेल उभं करायचं. तिच्या पोटातल्या कृष्णविवराजवळून दोन बाजूंना झोत सुटतात आणि टोकांना दोन अवाढव्य फुगे तयार होतात, रेडिओ दुर्बिणीला दिसणारे. झोत बायकोकडे, भोवतालचा वायू नवऱ्याकडे. घरातही बोलायचं खातं तिच्याकडे आणि ऐकायचं त्याच्याकडे, असं सासूबाई म्हणत.

घोडं अडलं होतं ते डाव्या फुग्यापाशी. दुर्बिणीच्या चित्रात तो उजव्याच्या निम्मा. मॉडेलमध्ये मात्र दोन्ही सारखे. नवऱ्याने महिनाभर खपून डावीकडे दाट वायू भरला, तरी फुगे जुळ्या भावांसारखेच.

"तुझ्या वायूत दम नाही," ती म्हणायची.

"नाचता येईना, अंगण वाकडं," तो पुटपुटायचा.

आतापर्यंतच्या चाचण्या छोट्या संगणकावरच्या; मोठ्या संगणकावर त्यांची पाळी एके दिवशी संध्याकाळी होती. ती हुकली की पुढची वर्षाने. दुपारी तो थकून म्हणाला, "जाऊ दे, तुझंच खरं. डावीकडचा वायू काढतो आणि सगळीकडे सारखा पसरवतो."

जिंकल्याचं तिला बरं वाटलं. शेवटची नजर टाकावी म्हणून तिने आपला प्रोग्राम उघडला आणि एका जुन्या ओळीवर तिची नजर अडली. वेळ वाचवायला तिने फार पूर्वी एक युक्ती केली होती: फक्त उजवी बाजू मोजायची आणि आरशासारखी तीच डावीकडे उमटवायची. ती काढायची राहूनच गेली होती. नवऱ्याचा वायू संगणकाने कधी पाहिलाच नव्हता. महिनाभर ती चोर सोडून संन्याशाला फाशी देत होती.

गप्प बसली असती तर त्याला कधी कळलंही नसतं.

"अरे थांब, काही पुसू नकोस. चूक माझी आहे."

तिने सगळं सांगितलं. त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली.

"म्हणजे महिनाभर मी कुणासाठी खपलो?"

"आरशामागच्या भिंतीसाठी," ती खाली मान घालून म्हणाली. त्याला हसू आवरेना.

दोन्ही बाजू मोजायच्या तर तेवढ्याच वेळात बारकावा कमी करावा लागणार होता. त्यांनी तो केला. सकाळी चित्र आलं, जरा भरडच. उजवा फुगा लांबवर पसरलेला, डावा दाट वायूवर आपटून निम्म्यातच थबकलेला.

तिने खुर्ची ओढून त्याच्या शेजारी आणली.

"अडवलास रे माझा झोत," ती म्हणाली. हरल्याचा इतका आनंद तिला कधीच झाला नव्हता.