नणंदेचे अकरा सेकंद

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात आणि मी मागच्या खोलीत मेण, प्लास्टर आणि गुलाबी हिरड्यांशी झटापट करत बसते. एकतीस वर्षं झाली. कुणी बोलायला लागलं की माझी नजर आधी त्याच्या तोंडात जाते, मग त्याच्या म्हणण्याकडे. बहुतेक वेळा म्हणण्यापर्यंत जायची गरजच पडत नाही.

सिनेमाची हौस आमच्या ह्यांना. यंदा हे निवृत्त झाले आणि दर बुधवारी दुपारी मला थिएटरात न्यायचंच, असं ह्यांनी ठरवून टाकलं. "घरात बसून तू तरी काय करणार?" म्हणाले. घरात बसून मी काय करते, हे एकतीस वर्षांत ह्यांच्या नजरेला पडलेलं नसावं.

पहिल्या बुधवारी युद्धाचा सिनेमा. नायक शत्रूच्या कैदेत. रोज सकाळी एक जाडा अधिकारी यायचा आणि त्याच्या जबड्यावर ठोसे हाणायचा. तिसाव्या ठोशाला मी मोजणं सोडलं. शेवटी हा पठ्ठ्या सुटतो, डोंगरावर उभा राहतो आणि हसतो. बत्तीसच्या बत्तीस जागेवर, आत्ताच धुऊन ठेवलेल्या बश्यांसारखे!

"अहो, पटाशीचा एक तरी पडायला हवा होता की नाही?" मी म्हटलं.

पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. हे डोळे पुसत होते. "अगं, देशासाठी लढतोय तो."

"लढू दे ना. देशप्रेमानं हिरड्या घट्ट होत नाहीत."

दुसऱ्या बुधवारी प्रेमाचा. नायिकेला असाध्य रोग. कोणता, ते तिच्या डॉक्टरलाही ठाऊक नसावं, कारण तो सगळं खिडकीबाहेर बघून बोलत होता. जिला दोन पायऱ्या चढवत नव्हत्या तिनं मरायच्या आधी चार कडव्यांचं गाणं म्हटलं, तेही धापा न टाकता. मला हसू आवरेना. ह्यांनी माझा दंड दाबला. ह्यांचा रुमाल पिळून काढावा इतका ओला. बाहेर आल्यावर विचारलं, "एवढं काय रडायचं होतं हो त्यात?" तर म्हणे, "तू दगड आहेस." असेन. दगडाला निदान तीन तास उल्लू बनवता येत नाही.

याच सुमारास माझी नणंद घरी आली. ह्यांची धाकटी बहीण, शाळेच्या कचेरीत कामाला. पन्नाशी उलटली तरी नाटकाचं वेड गेलं नाही. हौशी मंडळींच्या नाटकात शेजारीण, परिचारिका, नाहीतर पडद्यामागचा आवाज, असली कामं करत आलेली. दारातूनच ओरडली, "वहिनी, मला सिनेमात घेतलं! नायकाची आई!"

"किती वाक्यं आहेत?" मी विचारलं.

"एकही नाही. पण वहिनी, मला म्हातारीचे दात हवेत. तूच करून दे."

आता, सिनेमाला मी कितीही नावं ठेवली तरी कामाला नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही. मी तिचं माप घेतलं. आयुष्यभर लोकांना सुंदर दात करून दिले, पण खराब दात करणं ही वेगळीच विद्या आहे हे तेव्हा कळलं. झिजलेले, चहानं पिवळे पडलेले, डावीकडचा सुळा अर्धा तुटका, त्याच्या शेजारी रिकामी जागा. दहा दिवस लागले. ती दातांची पट्टी स्वतःच्या दातांवर चढवून नणंद आरशात बघायला गेली आणि दचकून मागे सरली. मी आयुष्यात इतकं चांगलं काम केलेलं नाही.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे गेलो. तिच्या कचेरीतल्या सहा बायकाही होत्या, आधीपासूनच टाळ्या वाजवायच्या तयारीत. सिनेमा म्हणजे नुसता आनंदीआनंद. नायक गरीब, पण केस रोज न्हाव्याकडून आल्यासारखे. खलनायक दर वाक्याआधी चष्मा काढायचा आणि वाक्य झालं की घालायचा, त्याला नक्की कधी दिसत होतं देव जाणे.

मग नायक घर सोडून निघाला. दारात आई. सहा बायकांनी टाळ्या पिटल्या. मी पुढे सरसावून बसले. आणि नणंदेनं नाकापासून हनुवटीपर्यंत तोंडावर शाल धरलेली! नायक पायऱ्या उतरला, ती आत गेली, दार लागलं. संपलं.

"अकरा सेकंद," हे रुमालातून म्हणाले. ह्यांनी घड्याळ लावलं होतं.

बाहेर फुटपाथवर सगळ्याजणी तिला मिठ्या मारत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. बायका पांगल्यावर नणंद माझ्यासमोर आली. "वहिनी, तू काहीच बोलली नाहीस."

"काय बोलू? शाल छान होती."

"दात दिसले नाहीत म्हणून रागावलीस?"

"दहा दिवस डोळे फोडून केले मी ते. थंडी वाजत होती का तुला?"

"पहिल्यांदा दृश्य घेतलं तेव्हा शाल नव्हती," ती म्हणाली. " पण कॅमेरावाल्यापासून चहावाल्यापर्यंत जो तो दातांकडेच बघत राहिला. दिग्दर्शक म्हणाले, दात इतके खरे आहेत की बाई दिसतच नाही. झाका." मग आवाज चढवून म्हणाली, "आणि तू तरी काय केलंस? शालीमागे दात शोधत बसलीस. माझ्याकडे बघितलंस का एकदा तरी?"

खरंच बघितलं नव्हतं. ती तरातरा निघून गेली. हे तिच्यामागे चार पावलं धावले आणि परत आले.

आठ दिवस तिचा फोन नाही. मी केला तर उचलेना. शेवटी सोमवारी ह्यांना न सांगता मी एकटीच पुन्हा त्या सिनेमाला गेले. सबंध थिएटरात मी आणि एक झोपलेला माणूस. त्याचं मला कौतुकच वाटलं, सिनेमाची योग्य ती दखल घेणारा तो एकटाच होता. दुसऱ्यांदा तर सिनेमा आणखीच टाकाऊ वाटला. खलनायकाचा चष्मा मी मोजला, एकोणीस वेळा.

मग ते दार आलं. या वेळी मी नणंदेकडे बघितलं. नायक वळून हात हलवतो, तिचा हात वर जात नाही. ती दार लावायला घेते. दार नीट बसत नाही. ती खांद्यानं एकदा रेटते, मग जरा थांबून पुन्हा रेटते, आणि हात कडीवर तसाच राहतो. हे नोकरीसाठी पहिल्यांदा परगावी निघाले होते, त्या सकाळी सासूबाईंनी दार अगदी असंच लावलं होतं. मी नवी नवरी, आत उभी होते. त्या रडल्या नव्हत्या. फक्त ते दार त्यांना एका रेट्यात लावता आलं नव्हतं.

संध्याकाळी मी नणंदेच्या घरी गेले. तिनं दार उघडलं, पण बाजूला झाली नाही.

"पुन्हा बघून आले," मी म्हटलं. "सिनेमा भिकार आहे."

"हे सांगायला आलीस?"

"दार लावताना मला सासूबाई दिसल्या."

डोळे भरले तिचे. "आईचंच घेतलं होतं," ती म्हणाली. "दादाला पहिल्याच खेळाला कळलं. तुला दोन तिकिटं लागली."

"तुझा दादा तर साबणाच्या जाहिरातीलाही रडतो. त्याचं काय घेऊन बसलीस?"

तेव्हा ती हसली आणि बाजूला झाली. आत गेल्यावर तिनं सांगितलं की सिनेमा शुक्रवारी उतरतोय, पण तिला दुसरं काम मिळालंय. यात पूर्ण चेहरा दिसणार, चांगलं पाऊण मिनिट.

"कुणाचं काम?"

"प्रेताचं."

"बघ हं," मी म्हटलं. "तुमच्या सिनेमावाल्यांचा नेम नाही. मेल्यावरही गायला लावतील."