लाल ठिपक्याचा ग्लास

पुलावर फेस्टस मॅनियनची सायकल दिसली, की पबवाली नूला टार्पी त्याचा ग्लास बिअरच्या नळाखाली धरायची. स्टाऊटला, म्हणजे काळ्या बिअरला, घाई केलेली खपत नाही. पाऊण ग्लास भरायचा, आतली खळबळ निवळू द्यायची, मग वरचा पांढरा साय धरल्यासारखा थर चढवायचा. फेस्टस सायकल भिंतीला टेकवून, टोपी खुंटीला अडकवून स्टुलावर बसेपर्यंत काळाभोर पाइंट त्याच्यापुढे तयार असायचा. तीस वर्षं हे असं चाललं होतं. लग्न न केलेल्या माणसाचीही कुणी वाट बघतं, याचा किलगारव या आयरिश खेड्यात एवढा एकच पुरावा होता आणि तो दर शुक्रवारी सहा वाजता मिळायचा.

गेले सात शुक्रवार मात्र फेस्टस पुलाकडे फिरकला नव्हता.

वसंतात तो वाळायला लागला. चढावर सायकल हातात धरूनही दम लागायचा, आणि पोटाचं तर विचारू नका. रक्त तपासून झालं, घशातून नळी घालून झाली, आणि शेवटी त्याच्या भाचीच्या वयाच्या डॉक्टरीणबाईंनी निकाल दिला. गव्हात, बार्लीत ग्लूटेन नावाचं काहीतरी असतं, ते त्याच्या आतड्यांना सोसत नव्हतं. पाव बंद, केक बंद, बिस्किट बंद. स्टाऊटचं त्याने अगदी शेवटी, दारात उभं राहून विचारलं. बाई म्हणाल्या, ती तर बार्लीचीच, तिचा काळा रंगही भाजलेल्या बार्लीचा. आठवड्याला एखादी? एखादीसुद्धा नाही.

पावाचं त्याला फारसं वाटलं नाही. आईच्या हातचा पाव आईबरोबरच गेला होता. पण शुक्रवार गेला तर उरलेल्या सहा वारांचं करायचं काय, हे त्या बाईंच्या कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, पबमध्ये जावं, दुसरं काही प्यावं, त्यात काय एवढं? असं म्हणणारा किलगारवचा नव्हे. इथे कुणी एकटा पीत नाही. पहिली फेरी एकाने सगळ्यांसाठी सांगायची, दुसरी दुसऱ्याने, तिसरी तिसऱ्याने. फेरीत आहे तो माणसांत आहे. फेस्टस, मलाकी ड्युएन आणि पॅकी गॅव्हिन अशी तिघांची फेरी होती. चार वर्षांपूर्वी हृदयाच्या डॉक्टरने पॅकीची दारू तोडली. पॅकी येत राहिला आणि लेमोनेड मागायला लागला. त्याला ‘सरबतराव’ हे नाव ठेवलं कुणी, तर फेस्टसने. सगळा पब हसला, पॅकीही हसला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच नाव, पुन्हा तोच हशा. तिसऱ्या शुक्रवारी पॅकी आला नाही, नंतर कधीच आला नाही, आणि त्या हिवाळ्यात गेला. दफनानंतर रीतीप्रमाणे नूलाने एक पाइंट काठोकाठ भरून त्याच्या जागी ठेवला. मेलेल्या माणसाच्या पाइंटला पब बंद होईपर्यंत कुणी हात लावत नाही. जिवंतपणी ज्याला सरबतावरून छळलं, त्याच्यासाठी मेल्यावर काळी ओतली, आणि फेस्टस मान खाली घालून त्या ग्लासाकडे बघत बसला.

करावं तसं भरावं म्हणतात. फेस्टसला भरायची लाज वाटत होती, म्हणून त्याने झाकली मूठ झाकलेलीच ठेवली. ग्लूटेन नसलेला पाव तो आठ मैलांवरच्या दुकानातून आणायचा आणि पिशवीत वर्तमानपत्राखाली लपवायचा. रविवारी चर्चमध्ये प्रसादाची चकती गव्हाची, म्हणून तो बाकावरच बसून राहू लागला. बिनग्लूटेनची चकतीही मिळते असं पाद्रीबाबांनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं, पण ती आधी मागून घ्यावी लागते. मागायचं म्हणजे सांगणं आलं. प्रसाद न घेणारा माणूस पापात असतो, हे तर शेंबडं पोरही जाणतं. त्यामुळे पुढच्या बाकावरच्या बायकांनी फेस्टसला कुठलीतरी बाई चिकटवून दिली. अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच त्याच्याबद्दल असं काही बोललं जात होतं.

पावाच्या दुकानातच त्याला बाटली दिसली. बिनग्लूटेनची स्टाऊट. त्याने चार घेतल्या. शुक्रवारी सहा वाजता स्वयंपाकघरात टेबल पुसलं, बाटली ओतली, आपल्यापरीने निवळू दिली. चव वाईट नव्हती. थोडी पातळ, पण कडूपणा ओळखीचा होता. त्याने ग्लास उचलला आणि तो तसाच हातात राहिला. समोर खुर्ची होती, खुर्चीवर मांजर होतं. पावसाबद्दल, गुरांच्या भावाबद्दल, मलाकीच्या गुडघ्याबद्दल बोलायला कुणी नव्हतं. अर्धी बाटली त्याने मोरीत ओतली आणि रडू येतंय हे कळल्यावर स्वतःवरच चिडून रेडिओ मोठा केला.

आठव्या शुक्रवारी दुपारी तो सायकलवरून येत होता, तेव्हा मलाकीच्या फाटकावर लाल अक्षरांची पाटी दिसली. घर विकणे आहे.

फेस्टस तिथेच उतरला. दार वाजवायची छाती झाली नाही. सात आठवडे तोंड न दाखवलेल्या माणसाने कुठल्या तोंडाने दार वाजवायचं? पण सहाला पाच मिनिटं असताना तो पुलावर होता. पबच्या खिडकीत नूला उभी होती. तिने त्याला पाहिलं, हे त्यानेही पाहिलं.

आत गेला, टोपी खुंटीला लावली, बघतो तर त्याच्या जागेपुढे काही नव्हतं. कोरडं लाकूड. नळाखालीही ग्लास नव्हता. तीस वर्षांची रीत मोडली होती. आपलं नाव फेरीतून गेलं, हे त्याला कुणी न सांगता कळलं.

मलाकी शेजारच्या स्टुलावर होता. त्याने मान वळवली नाही.

“पाऊस थांबलेला दिसतो,” मलाकी म्हणाला.

“थांबलाय जरा,” फेस्टस म्हणाला.

शेवटी फेस्टसनेच तोंड उघडलं. काय करणार, पाटी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

“मलाकी, मला आता ही चालत नाही रे. काळी. पोटाला सोसत नाही. बार्ली आहे ना तिच्यात. मी... मी सरबतराव झालोय बघ.”

मलाकीने तोंडही वाकडं केलं नाही. नूला खाली वाकली. कपाटातून एक बाटली काढली, वेगळ्या फडक्यात गुंडाळलेला एक ग्लास काढला. ग्लासाच्या बुडाशी नेलपॉलिशचा लाल ठिपका होता.

“हा तुझा,” ती म्हणाली. “दुसऱ्या ग्लासांबरोबर धूत नाही. हिच्यात बार्ली नाही, ज्वारीची आहे. बाटल्या याने गॉलवेहून आणल्यात.”

“ज्वारी म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक नाही,” मलाकी म्हणाला. “कुठल्यातरी उन्हाच्या देशातलं धान्य. दुकानदार म्हणाला चालतं, म्हणून घेतली.”

फेस्टस बाटलीकडे बघत राहिला. “तुम्हाला माहीत होतं?”

“पावाच्या दुकानात गल्ल्यावर बसते ती माझी मावसबहीण,” नूला म्हणाली. “पहिल्याच दिवशी फोन आला.”

“मग बोललात का नाही?”

“माणसाच्या पोटातलं आम्ही कसं विचारणार? तू सांगशील म्हणून थांबलो. दर शुक्रवारी बाटली काढून ठेवायची, नि बंद करताना परत आत.”

“आणि ती पाटी?” फेस्टसने विचारलं.

मलाकीने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. इंग्लंडमधून, लीड्सहून मुलगी न्यायला येतेय, म्हणाला. गुडघा गेला, डोळेही चाललेत, एकट्याला ठेवायला ती तयार नाही. रविवारच्या बोटीने तिच्याबरोबर जायचं.

“हा रविवार?”

“हाच. सात शुक्रवार होते आपल्याकडे, गाढवा. सातच्या सात तू मांजराबरोबर घालवलेस.”

फेस्टसने बाटली तिरकी धरून लाल ठिपक्याच्या ग्लासात हळूहळू ओतली आणि मलाकीसाठी एक काळी सांगितली. दुसरी फेरी मलाकीने सांगितली, तिसरी पुन्हा फेस्टसने. मधे कधीतरी मलाकी म्हणाला, “पॅकीलाही आपण परत बोलवायला हवं होतं.” फेस्टस हो म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी पुलावर सायकल दिसली तेव्हा नूलाचा हात सवयीने नळाकडे गेला आणि परत आला. फेस्टस बसला तेव्हा बाटली नि लाल ठिपका त्याच्यापुढे होता. तिने शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं, एक ग्लास उचलला.

“त्याच्यासाठी भरू?”

“नको,” फेस्टस म्हणाला. “तो मेलेला नाही. लीड्सला आहे.”

तो उठला, खुंटीवरची टोपी काढली आणि मलाकीच्या स्टुलावर ठेवली. आठ वाजता फुटबॉलवाली पोरं आली, पबमध्ये उभं राहायला जागा उरली नाही. टोपी कुणी हलवली नाही. ती तिथे का आहे, हेही कुणी विचारलं नाही.